एका पर्समध्ये दोन कार्डं

मी मॉर्मन आहे आणि मी एका राजकीय पक्षाची सभासद आहे. ही दोन वाक्यं मी इतक्या जणांना समजावून सांगितली आहेत की आता मलाच त्यांचा कंटाळा येतो. चर्चमध्ये पक्षाचं नाव निघालं की समोरच्याच्या भुवया वर जातात. पक्षात चर्चचं नाव निघालं की समोरचा एकदम फार सभ्य होतो, ते तर आणखी वाईट. आणि आइंडहोवनच्या मराठी मंडळात दोन्ही कळलं, तर हातातला बटाटेवडा तसाच धरून एखादी बाई म्हणते, "अगं, पण तू तर कोथरूडची ना?" हो बाई, कोथरूडची. मग? कोथरूडच्या बायकांना दुसरं काही होता येत नाही असा काही जीआर निघालाय का?

मॉर्मन झाले त्याची गोष्ट लांबलचक नाही. लग्नानंतर नवऱ्याच्या मागोमाग इथे, नेदरलँड्सला, आले. तो चिप बनवणाऱ्या यंत्रांवर काम करतो. तेव्हाही करायचा, आताही करतो, आणि तो नेमकं काय करतो ते मला तेव्हाही कळत नव्हतं. आमच्या पहिल्याच हिवाळ्यात माझी आई पुण्यात अचानक गेली. मी विमानाने पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. परत आले ती या घरात, दोन वर्षांच्या पोरीबरोबर, दिवसभर एकटी. चार वाजताच अंधार. अशात एक दिवस दारात दोन तरुण पोरी उभ्या राहिल्या. मॉर्मन नावाच्या ख्रिस्ती पंथाच्या प्रचारक. लांब स्कर्ट, सायकली, थंडीने लाल झालेली नाकं. एरवी मी दार लावून घेतलं असतं. पण त्या दिवशी मला बोलायला कुणीतरी हवं होतं, अगदी कुणीही चाललं असतं. त्या आत आल्या, मुलीशी खेळल्या, मला पोळ्या लाटू लागल्या, पोळ्या कसल्या, ऑस्ट्रेलियाचे नकाशेच. मग त्यांनी सांगितलं की आमच्या विश्वासात कुटुंब मरणाने तुटत नाही, गाठ कायमची राहते. बाकीचं सगळं मी पुढे सावकाश मान्य केलं, काही काही तर अजून करतेच आहे. पण त्या दिवशी एवढंच कळलं की मला माझी आई परत भेटणार. बुडत्याला आणखी काय लागतं?

नवऱ्याने विरोध केला नाही आणि तो माझ्यामागे आलाही नाही. "तुला बरं वाटतंय ना? मग जा," एवढं म्हणाला. चहा-कॉफी सोडली तेव्हा मात्र हादरला. पुण्याची बाई चहा सोडते म्हणजे डॉक्टरला दाखवायला हवं, असं त्याचं मत. महिन्याच्या पहिल्या रविवारी आमचा उपास असतो, दोन जेवणांचा, पाणीसुद्धा नाही. ते कळल्यावर म्हणाला, "साबुदाणा पण नाही? मग कसला उपास तो!" दर पहिल्या रविवारी तो माझ्यासमोर न जेवता आत जाऊन गुपचूप जेवायचा आणि येताना तोंड पुसून यायचा. मला वास यायचाच, पण मी बोलायचे नाही.

पक्षात गेले ती बसच्या थांब्यामुळे. आमच्या गल्लीतला थांबा काढणार म्हणून कळलं. या भागात म्हातारी माणसं बरीच, मी स्वतः एका हाउसआर्ट्सच्या, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरच्या, दवाखान्यात रिसेप्शनवर बसते, त्यामुळे कुणाच्या गुडघ्यांत किती दम आहे ते मला पक्कं ठाऊक. भांडायला म्हणून एका सभेला गेले. तिथे या पक्षाची माणसं भेटली, जरा डावीकडे झुकलेली, सायकलवरून येणारी, ऐकून घेणारी. थांबा राहिला. मी पण राहिले. पुढे डच पासपोर्ट आला, मग रीतसर सभासद झाले, पत्रकं वाटायला लागले, शनिवारी बाजारात उभी राहायला लागले. रविवारी नाही हं, रविवार चर्चचा. पक्षातल्या लोकांनी तेही चालवून घेतलं. सगळे कॉफी पितात, मी गरम पाण्यात पुदिन्याची पानं टाकून पिते. बिअरच्या वेळी घरी जाते.

आणि खरं सांगायचं तर चर्चनेही कधी हरकत घेतली नाही. आमच्याकडे स्पष्ट सांगतात, मत कुणालाही द्या, फक्त राजकारण चर्चच्या दाराबाहेर ठेवा. मी ठेवत होते. पर्समध्ये दोन कार्डं होती, एक पक्षाचं, एक आमच्या मॉर्मन मंदिराचं, आणि ती एकमेकांशी भांडत नव्हती. भांडणं व्हायची ती माझ्या डोक्यात, भांडी घासताना. पक्षाच्या जाहीरनाम्यात चार गोष्टी अशा असायच्याच की वाचून मी पान उलटायचे. चर्चमध्येही कुणी कुणी असं काही बोलायचं की मी भजनाच्या पुस्तकात डोकं घालायचे. दोन्हीकडे पान उलटून उलटून माणूस दमतं हो.

मग मुलीचं लग्न ठरलं.

मुलगी वाखनिंगनला शिकली, तिथेच बियाण्यांच्या प्रयोगशाळेत लागली. मराठी सगळं कळतं तिला, पण उत्तर येतं ते इंग्रजीत, आणि चिडली की डचमध्ये. आठव्या वर्षी तिने बाप्तिस्मा घेतला, आणि धर्माच्या बाबतीत ती माझ्यापेक्षा कडक. मी बाहेरून आत आलेली, मला अजून चौकटीला पाय अडखळतो. ती घरातच वाढली. मुलगाही आमच्याच विश्वासातला, कापेल आन डेन आयसेल गावचा, त्यांच्या घरात तीन पिढ्या मॉर्मन. लग्न दोनदा करावं लागतं. आधी कायद्याचं, खेमेंतेत, म्हणजे इथल्या नगरपालिकेत. मग मंदिरात, तिथे ती कायमची गाठ बांधतात. मुलीच्या लेखी खरं लग्न ते दुसरं.

आता हे मंदिर म्हणजे आमचं रविवारचं चर्च नव्हे. चर्चमध्ये कुणीही यावं. मंदिर देशात एकच, हेगजवळ, आणि आत जायला कार्ड लागतं. कार्डासाठी दर दोन वर्षांनी बिशप, म्हणजे आमच्या चर्चचा प्रमुख, मुलाखत घेतो, ठरलेले प्रश्न विचारतो, खरी उत्तरं द्यायची, मग सही. सभासद नसलेल्याला आत प्रवेश नाही, मग तो नवरीचा बाप का असेना. नवऱ्याला हे सांगितलं तेव्हा तो हसला. "आमच्या देवळात चपला बाहेर काढल्या की झालं. तुमच्याकडे माणसंच बाहेर काढतात." आम्ही सगळे हसलो. मुलगीही हसली. मग ती एकदम गंभीर झाली आणि चक्क मराठीत म्हणाली, "बाबा तर नसणारच. आई, तू तरी हवीस."

माझ्या कार्डाची मुदत लग्नाच्या आधीच संपत होती. मी म्हटलं, अगं असेनच की, मला काय धाड भरलीय?

धाड पंधरा दिवसांत भरली. पक्षाच्या शहर शाखेची सभासद-सभा होती, नगरपालिकेच्या निवडणुकीची तयारी. दवाखान्यातून थेट गेले होते, डोकं दुखत होतं. एकामागून एक ठराव. आमच्याकडे प्रत्येकाला दारातच मतदानाचं रंगीत कार्ड देतात, ते वर धरायचं. माझं पर्समध्ये होतं. अध्यक्ष बाई भरभर डचमध्ये ठराव वाचत होत्या, मी अर्धवट ऐकत होते, आणि त्यांनी विचारलं, "कोण बाजूने?" माझा उजवा हात वर गेला.

हे कसं झालं ते कळायला आमच्या चर्चची एक रीत सांगायला हवी. आमच्याकडे पगारी पाद्री नसतात. आज एक बाई मुलांचा वर्ग घेते, उद्या दुसरी. ज्याला काम द्यायचं त्याचं नाव रविवारी सर्वांसमोर वाचतात आणि विचारतात, बाजूने कोण? की सगळ्यांचे उजवे हात वर. कोपर काटकोनात, तळवा समोर. मग विचारतात, विरुद्ध कोण? तिथे कुणी हात वर केलेला मी इतक्या वर्षांत पाहिला नाही. तो हात म्हणजे मत नसतंच मुळी. त्याचा अर्थ, बाबा रे, तुझ्या कामात मी तुझ्यामागे आहे. वर्षानुवर्षं, जवळपास दर रविवारी. त्यामुळे "कोण बाजूने" हे शब्द कानावर पडले की डोक्याला न विचारताच माझा खांदा उठतो.

तर सभागृहभर रंगीत कार्डं वर, आणि पहिल्या रांगेत एक मोकळा हात, काटकोनात. अध्यक्ष बाई थांबल्या. चांगल्या आहेत त्या, मला ओळखून आहेत. माझ्याकडे वाकून हळूच म्हणाल्या, "तुम्ही बाजूने? ठराव ऐकलात ना?" मी पडद्यावर पाहिलं. शहरात गर्भपाताचं क्लिनिक आहे, त्याच्या दारात काही जण उभे राहतात, येणाऱ्या बायकांना अडवून प्रार्थना करतात, चित्रं दाखवतात. त्यांना रस्त्याच्या पलीकडे उभं करावं, असा ठराव होता. सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळलेल्या. चुकून वर गेलाय, असं म्हणून हात खाली घ्यायला मला दोन सेकंद लागले असते. सगळ्यांनी हसून सोडून दिलं असतं.

मी हात खाली घेतला नाही.

का, ते सांगते. त्याच्या आदल्या वर्षी आमच्या भागातली एक मुलगी माझ्याकडे आली होती. आपल्याकडचीच, इथे नवी, नवरा कामासाठी कोरियाला. तिला डच येत नव्हतं, इंग्रजीत रडता येत नव्हतं. तिला त्या क्लिनिकमध्ये जायचं होतं. मी तिला आधी समजावून पाहिलं. माझ्या विश्वासात हे बसत नाही, आणि विश्वासाचं सोडा, मला स्वतःलाही ते जड जातं. पण तिचं ठरलं होतं. का ठरलं होतं ते तिने सांगितलं नाही, मी खोदून विचारलं नाही. एकटी जाऊ दे म्हणायचं? माझ्याच्याने होईना. गेले बरोबर. दारात एक गृहस्थ आडवे आले, अगदी गोड हसत, आणि त्यांनी तिच्या हातात प्लास्टिकचं एक इवलंसं बाळ ठेवलं. ती पोर तिथेच खाली बसली. फुटपाथवर, पावसात. मी तिला उठवत होते आणि ते गृहस्थ माझ्यासाठी प्रार्थना करत होते. माझ्याच देवाकडे. त्या दिवशी मला जो संताप आला तसा मला आजवर कधी आला नाही.

म्हणून हात वरच राहिला. सभा संपल्यावर पक्षातला एक तरुण सभासद माझ्याकडे येऊन म्हणाला, "मला वाटलं होतं तुम्ही विरुद्ध जाल. तुमच्या लोकांना हे चालतं?" 'तुमच्या लोकांना.' मी म्हटलं, माझे लोक कोण ते तू ठरवलंस की सांग, मलाही कळेल. निवडणुकीसाठी मीही नाव दिलं होतं; नंतर उमेदवारांची यादी लागली तेव्हा ते पार तळाला होतं. मतं मागायला उपयोगी, निवडून यायला नाही. अध्यक्ष बाई म्हणाल्या की पुढच्या वेळी नक्की. 

पण त्याआधी फोटो आला. पक्षाने सभेचे फोटो टाकले, त्यात मी. सगळ्यांच्या हातात कार्डं आणि माझा तो हात. इतर कुणाला काही वाटलं नसतं, पण आमच्या चर्चमधल्या शेंबड्या पोरानेसुद्धा तो हात ओळखला असता. खाली ठरावाचं वर्णन. रविवारी मी हॉलमध्ये शिरले आणि बोलणी थांबली. वाईट कुणी बोललं नाही, हे आधी सांगते. एकीने मिठी जरा जास्त वेळ मारली, एवढंच. त्या मिठीने मला आणखीच थकवलं.

विहीणबाईंनी फोन केला. मी मनातल्या मनात त्यांना विहीणबाईच म्हणते, त्यांना तो शब्द ठाऊक नाही. डच माणसं कशी, फिरवून बोलत नाहीत. म्हणाल्या, "फोटो पाहिला. मला समजून घ्यायचंय. तू त्या गोष्टीच्या बाजूने आहेस?" मी म्हटलं, ते क्लिनिकबद्दल नव्हतं, दाराबद्दल होतं. त्या म्हणाल्या, "दारातच तर शेवटची संधी असते." त्यांचंही खरं होतं हो. त्यांच्या जागी बसले तर मला ते दिसत होतं. मग त्या म्हणाल्या, "बिशप विचारेल तेव्हा तू काय सांगणार?" आणि फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं की मुलाखत त्याच आठवड्याच्या शेवटी आहे.

आणि मुलाखतीच्या ठरलेल्या प्रश्नांमध्ये तसा एक प्रश्न आहेच. चर्चच्या शिकवणीच्या विरोधात जाणाऱ्या कशाला तुमचा पाठिंबा आहे का, अशा अर्थाचा. दर वेळी मी 'नाही' म्हणून पुढे जात होते.

मुलगी शनिवारी वाखनिंगनहून आली, बॅगसुद्धा खाली न ठेवता स्वयंपाकघरात उभी राहिली. डच सुरू. म्हणजे चिडलेली. "आई, तो फोटो काढून टाकायला सांग."

"फोटो काढून टाकला म्हणून हात खाली येणार आहे का?"

"मग निदान उद्या 'नाही' म्हण. एक शब्द आहे. एकच. बिशप तुझ्या पक्षाबद्दल विचारणारच नाही. तू उगाच सगळं सांगत बसू नकोस. तुला सांगायची फार हौस असते."

"अगं, खरं सांगायचं असतं ना तिथे?"

"तू आत नसलीस तर माझ्या बाजूला कुणी नसेल! त्यांची अख्खी फौज असेल आणि माझ्या बाजूला कुणीच नाही!" हे इंग्रजीत म्हणाली, आणि मग बॅग टाकून रडायला लागली. सव्वीस वर्षांची घोडी, पण रडताना अगदी दोन वर्षांची दिसते. मी तिला जवळ घेतलं आणि म्हटलं, ठीक आहे. म्हणेन 'नाही'. त्या क्षणी मी खरंच तसं ठरवलं होतं. देव काही एका शब्दावरून मला हाकलून देणार नव्हता, आणि पोरीच्या लग्नापेक्षा माझा हात मोठा नव्हता.

नवरा गॅसपाशी स्वतःसाठी चहा टाकत होता. पोर वर गेल्यावर मी त्याला म्हटलं, "तूच सांग आता, काय करू?" तो म्हणाला, "मला काय विचारतेस? मी कुठल्याच कार्डाचा माणूस नाही." आणि आलं किसत राहिला. मला राग आला. जगातल्या सगळ्यांना मत आहे आणि याला तेवढं नाही! मी दणादण भांडी घासली.

आमचा बिशप सिटी बस चालवतो. रविवारी सूट घालून खुर्चीत बसला तरी आरशात बघायची सवय जात नाही, बोलता बोलता नजर वर उजवीकडे जाते. भला माणूस. त्या दिवशी डोळे ओढलेले होते, आठवडाभर पहाटेची पाळी करून दमला असणार. छोटी खोली, दोन खुर्च्या, टिश्यूचा डबा. प्रार्थना झाली. प्रश्न सुरू झाले. देवावर विश्वास? हो. हे? हो. ते? हो. मग तो प्रश्न आला.

डचमध्ये 'नाही' म्हणायला 'नेय' एवढं एक अक्षर पुरतं. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "मला माहीत नाही."

त्याने माझ्याकडे पाहिलं. "सिस्टर, फोटोबद्दल असेल तर तो मी पाहिलाय. पक्ष कुठला, मत कुणाला, हे मी इथे विचारत नाही. मला विचारायचं नाहीच."

"फोटोबद्दल नाही. तो हात आधी चुकून वर गेला होता. पण मग मी तो खाली घेतला नाही. तेवढं चुकून नव्हतं."

आणि मग मी सगळं सांगितलं. नाव न सांगता त्या मुलीचं, फुटपाथचं, प्लास्टिकच्या बाळाचं. पोरीला दिलेला शब्द त्याच खोलीत मोडत होते हे मला कळत होतं, पण थांबता येईना. तो ऐकत राहिला. मग विचारलं, "गर्भपाताला तुमचा पाठिंबा आहे?"

"नाही. तिच्या जागी माझी स्वतःची मुलगी असती तर मी तिच्या पाया पडले असते, नको करू म्हणून. पण तरी तिचं ठरलंच असतं, तर तिच्याबरोबर मीच गेले असते. आणि दारात कुणी तिला असं बाळ दिलं असतं तर मी त्याचा हात पिरगाळला असता."

बिशपला हसू आलं, ते त्याने खोकून लपवलं. "हात पिरगाळण्याबद्दल प्रश्न नाहीये," तो म्हणाला. मग पुन्हा हातातल्या कागदाकडे वळला. "माझ्याकडे याचं छापील उत्तर नाही. मी पुढचे प्रश्न विचारतो." त्याने विचारले, मी उत्तरं दिली. शेवटचा प्रश्न असा असतो की तुम्ही स्वतःला मंदिरात जायला लायक समजता का? दर वेळी तो मला उगाचचा वाटायचा, उपचार म्हणून विचारलेला. पण त्या दिवशी माझ्या लक्षात आलं की इतक्या दिवसांत हे मला विचारणारा तो पहिलाच. बाकी सगळ्यांनी आपापलं ठरवून टाकलं होतं, पक्षाने, चर्चने, विहीणबाईंनी, पोरीनेसुद्धा.

"हो," मी म्हटलं. आवाज नको इतका मोठा निघाला. बाहेरच्या खुर्चीवर बसलेल्या माणसालाही ऐकू गेला असेल. बिशपने सही केली. आणखी एक मुलाखत वरच्या पातळीवर होते, तीही झाली. तिथेही खरंच बोलले, पण थोडक्यात. अंगात त्राणच उरलं नव्हतं.

मुलीला कार्ड दाखवलं तर आधी तिने विचारलं, "सांगितलंस ना सगळं?" मी हो म्हटलं. "तरी दिलं?" हो. तिने कपाळावर हात मारला, अगदी मराठी बाईसारखा, आणि माझ्या गळ्यात पडली.

लग्नाच्या दिवशी सकाळी खेमेंतेत नवरा बंद गळ्याचा कोट घालून उभा होता. सह्या झाल्या, टाळ्या झाल्या, त्याने जावयाची पाठ थोपटली. मग सगळे गाड्यांत बसून हेगच्या दिशेने निघालो. मंदिराच्या दाराशी आमची कार्डं बघितली. कार्डं बघतात त्या टेबलाच्या अलीकडे एक छोटी बैठकीची जागा आहे, तिथपर्यंत कुणालाही येता येतं, नवरा तिथे बसला. सगळ्यांनी आपापले कोट, छत्र्या त्याच्या शेजारी ठेवल्या. मी वळून पाहिलं तर तो हसून हात हलवत होता, जा जा, म्हणत.

आतली खोली फार मोठी नसते. समोरासमोर आरसे, मध्ये गुडघे टेकायची गादी, भिंतीलगत खुर्च्या. मुलाच्या बाजूला खरंच फौज होती, आजी, काका, आत्या. आमच्या बाजूला मी, आणि शेजारी रिकामी खुर्ची. पोर पांढऱ्या कपड्यात आली, तिने आधी मला शोधलं, आणि मी दिसल्यावर तिचा जीव भांड्यात पडला ते मला दिसलं. यासाठी मी एवढं सगळं केलं होतं. मी आत होते. विधी सुरू व्हायच्या आधी विहीणबाई उठल्या, त्यांची सगळी माणसं सोडून माझ्या बाजूला आल्या, त्या रिकाम्या खुर्चीत बसल्या आणि माझा हात हातात घेतला. किती मोठ्या मनाने. मीही त्यांचा हात घट्ट धरला. पण बाई, ही माझ्या नवऱ्याची खुर्ची आहे, असं वाटलं, आणि पुढचं सगळं मला नीट दिसलंच नाही. डोळे भरून आले होते. सगळ्यांना वाटलं, आई आहे, रडणारच.

विधी झाल्यावर मुलगी कपडे बदलायला गेली. मी घाईने बाहेर आले. नवरा तिथेच होता, कोटांच्या ढिगाशेजारी, पाठ सरळ, दोन्ही हात गुडघ्यांवर, शाळेत पालकांच्या सभेला बसतात तसा. मला बघून उठून उभा राहिला.

"झालं?"

"झालं."

मी आत जाईन की नाही यावर किती महिने किती जण बोलले. मी तर बोलतच होते, रडत होते, भांडत होते. तो बाहेर बसणार, यावर त्या एका विनोदानंतर कुणी एक शब्द काढला नव्हता. तोही नाही. आणि मी, कुटुंब कधी तुटत नाही म्हणून या धर्मात आलेली बाई, मीही नाही.

त्याने इकडेतिकडे बघितलं, कुणी ऐकत नाही ना, अशा बेताने. मग माझ्या बाहीला धरून हळूच विचारलं, "कशी दिसत होती गं?"

 मी त्याला खाली बसवलं, सगळ्यांचे कोट उचलून पलीकडे टाकले, त्याला खेटून बसले, आणि ती दारातून आत आली तिथपासून एक एक सांगायला लागले.